चिनी वीरपटांतील अद्भुत आणि अतिशयोक्ती

हाँगकाँगचे दिग्दर्शक त्सुइ हार्क यांच्या 'झू: वॉरिअर्स फ्रॉम द मॅजिक माउंटन' (१९८३) या चित्रपटात एक वृद्ध सिद्धपुरुष रक्तासुराला जखडून ठेवतो. जखडण्याचे साधन म्हणजे त्याच्या स्वतःच्याच भुवया होत. त्या शुभ्र भुवया दोरखंडाप्रमाणे लांबत जातात आणि असुराभोवती आवळल्या जातात. हा बंध एकोणपन्नास दिवसच टिकेल, तेवढ्या अवधीत जोडतलवारी शोधून आणा, असे तो जमलेल्या तरुणांना बजावतो. हे दृश्य प्रथमच पाहणारा सुशिक्षित प्रेक्षक हसतो, आणि त्याचे हसणे अस्वाभाविक मानण्याचे कारण नाही. विचार करण्याजोगी गोष्ट त्यापुढची आहे. हसून झाल्यावर तो प्रेक्षक उठून जात नाही. थोड्याच वेळात त्याला त्या वृद्धाच्या शक्तीची काळजी वाटू लागते. ज्या कल्पनेवर त्याचा यत्किंचितही विश्वास नाही, तिच्या भवितव्याविषयीची ही काळजी कोठून येते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

या प्रकारच्या चित्रपटांना चिनी भाषेत 'वूश्या' म्हणतात. 'वू' म्हणजे शस्त्रविद्या. 'श्या' या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. दिलेला शब्द पाळणारा, दुर्बलांचा कैवार घेणारा, पण कोणाही राजाचा चाकर नसलेला मनुष्य, असा त्याचा आशय आहे. या पात्रांचा वावर ज्या सृष्टीत असतो तिला 'ज्यांगहू', अर्थात 'नद्या आणि सरोवरे', असे नाव आहे. ही सृष्टी नकाशावर सापडत नाही. धर्मशाळा, घाट, पडके मठ, वेळूची बने, डोंगरातील वाटा, जेथे सरकारी अंमल कसाबसा पोहोचतो किंवा पोहोचतच नाही, ते सारे ज्यांगहूच होय.

या चित्रपटांच्या आकर्षणाची दोन स्पष्टीकरणे सामान्यतः दिली जातात. पहिले असे की, हा पलायनवाद आहे: रोजच्या जीवनात गांजलेल्या माणसाला हवेत उडणारा नायक पाहून घटकाभर विसावा मिळतो. दुसरे असे की, हा निव्वळ नेत्रसुखाचा, डोंबाऱ्याच्या खेळासारखा प्रकार आहे. दोहोंत तथ्य नाही असे नव्हे. परंतु पलायनच करायचे तर ते इतक्या कडक नियमांच्या जगात कोण करील? आणि डोंबाऱ्याच्या खेळात दोरावरून चालणाऱ्या मुलीबद्दल धास्ती वाटते, तिने कोणाला दिलेल्या वचनाबद्दल नव्हे. वूश्यापटात या दोन चिंता एकजीव झालेल्या असतात, आणि दोन्ही स्पष्टीकरणांतून नेमकी हीच गोष्ट निसटते.

भरताच्या नाट्यशास्त्रात एक सूक्ष्म विधान आहे. शृंगारापासून हास्य, रौद्रापासून करुण, तसे वीरापासून अद्भुत निर्माण होते, असे तेथे सांगितले आहे. अद्भुताला स्वतंत्र मूळ न देता ते वीराचे फळ मानले आहे. 'उत्साह' हा स्थायीभाव आपली मर्यादा ओलांडतो, तेव्हा पाहणाऱ्याच्या मनात 'विस्मय' उपजतो. चिनी वीरपटांचे निर्माते हा ग्रंथ वाचून कामाला लागले असतील असे अर्थातच नाही. तथापि त्यांच्या अतिशयोक्तीचा उलगडा करण्यास याहून उपयुक्त किल्ली सापडणे कठीण आहे. भुवयांचे दृश्य हास्यास्पद होऊनही कोसळत नाही, कारण त्या भुवयांमागे धीराने एखादे ओझे पेलणारा वीर असतो.

ही अतिशयोक्ती चित्रपटाने शोधून काढलेली नाही. हान राजवटीतील इतिहासकार सिमा च्यान याने इ. स. पू. पहिल्या शतकाच्या सुमारास पूर्ण केलेल्या बृहद्ग्रंथात भटक्या वीरांची चरित्रे दिली आहेत. त्यांचे वर्तन राजनियमांना धरून नसले तरी त्यांचा शब्द खरा असे, आणि दुसऱ्याच्या संकटात ते स्वतःच्या जिवाची पर्वा करीत नसत, असा त्याचा अभिप्राय आहे. त्याच्या आधी इ. स. पू. तिसऱ्या शतकात हान फेइ या दंडनीतिकाराने याच लोकांची गणना राज्य पोखरणाऱ्या किड्यांत केली होती. एकाच मनुष्यप्रकाराविषयीचे हे दोन निकाल पुढील दोन हजार वर्षे परस्परांशी झगडत राहिले.

थांग काळातील कथांत या वीरांना सिद्धी प्राप्त झाल्या. पेइ शिंग याच्या कथेतील न्ये यिन्न्यांग ही सेनापतीची कन्या. एक भिक्षुणी तिला दहाव्या वर्षी पळवून नेते आणि मारेकरीण म्हणून घडवते. पुढे आपल्या धन्याचे रक्षण करताना ती चिलटाचे रूप घेऊन त्याच्या आतड्यात लपते. मराठी वाचकाला येथे अणिमा सिद्धीची आठवण होईल. परंतु त्याच कथेत शत्रूकडून आलेला शेवटचा मारेकरी धन्याच्या मानेवर वार करतो, मानेभोवती गुंडाळलेल्या खोतानच्या जेडमुळे तो वार फुकट जातो, आणि मारेकरी लाजून निघून जातो. दुसरा वार करणे त्याच्या प्रतिष्ठेत बसत नाही! चिलट होऊन पोटात शिरणे चालते, दुसरा वार चालत नाही. निसर्गाचे नियम शिथिल होतात तसतसे वर्तनाचे नियम कडक होत जातात. वूश्येचे सारे व्याकरण या एका कथेत आहे. (याच कथेवर तैवानचे दिग्दर्शक हौ श्याव-श्येन यांनी २०१५ साली 'द असॅसिन' हा चित्रपट केला आणि त्यासाठी त्यांना कान येथे उत्कृष्ट दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. त्यात चिलट नाही, आणि उड्डाणही जवळजवळ नाही.)

पडद्यावर या प्रकाराचा खरा उदय शांघायमध्ये झाला. १९२३ पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागलेल्या एका लोकप्रिय कादंबरीतील कथानक घेऊन झांग शिच्वान यांनी मिंगशिंग कंपनीसाठी १९२८ साली 'लाल कमळाच्या मठाचे दहन' हा मूकपट काढला. त्याला असे यश मिळाले की १९३१ पर्यंत त्याचे एकूण अठरा भाग निघाले. तारांवर टांगलेले नट, रंगवलेली दृश्ये आणि चितारलेल्या तलवारी यांची सांगड घालून छायालेखक दोंग क-यी यांनी त्यातील चमत्कार साधले होते. आज या अठरा भागांपैकी एकही उपलब्ध नाही. त्याच काळातील 'लाल वीरांगना' (१९२९) हा मूकपट मात्र टिकला आहे, आणि त्यातील नायिका आकाशातून उतरते तेव्हा तंत्राचा ओबडधोबडपणा आजही लपत नाही.

त्या काळी चित्रगृहांत काय घडत असे, याचे वर्णन कादंबरीकार माओ दुन यांनी १९३३ मधील एका टीकालेखात केले आहे. वर्णन करणारा या चित्रपटांचा विरोधक होता, म्हणून त्याची साक्ष अधिक मोलाची ठरते. पडद्यावर उडत्या तलवारींचे युद्ध सुरू झाले की प्रेक्षक जणू स्वतःच रणांगणावर असल्याप्रमाणे आरडाओरडा करीत. आणि लाल वेषातील वीरांगना हुंगू उतरली की टाळ्यांचा कडकडाट होई. हा गौरव हू द्ये या प्रख्यात नटीचा नसून हुंगूचा होता, हेही त्यांनी नमूद करून ठेवले आहे. त्यांना या उत्साहात सरंजामी मनोवृत्ती दिसली. सरकारला अंधश्रद्धा दिसली. मुले घरे सोडून सिद्ध गुरूंच्या शोधात डोंगरांकडे निघाल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत येत होत्या; १९३१ साली राष्ट्रवादी सरकारच्या परीक्षण मंडळाने 'लाल कमळा'वर बंदी घातली. डावा टीकाकार आणि त्याला छळणारे सरकार यांचे निदान एका बाबतीत एकमत व्हावे, ही गोष्ट गमतीची खरी. हान फेइचा जुना निकालच दोघांनी नव्या भाषेत दिला.

दोघांचीही चूक एकच होती. प्रेक्षकांचा आनंद ही 'श्रद्धा' आहे असे त्यांनी गृहीत धरले. काही मुलांच्या बाबतीत ते खरेही असेल. परंतु ज्या प्रौढाला तार दिसते आणि तरीही जो टाळी वाजवतो, त्याची वृत्ती श्रद्धेची नाही, आणि उपहासाचीही नाही. ती रंगभूमीच्या प्रेक्षकाची वृत्ती आहे. चिनी संगीतनाट्यात हाती चाबूक घेतलेला नट घोड्यावर बसलेला असतो आणि टेबलावर चढलेला नट डोंगरावर पोहोचलेला असतो. ज्याने कोकणातील दशावतारी खेळात एका बाकड्यावर राजसभा भरलेली पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

शांघायमध्ये बंद पडलेली ही धारा पुढे हाँगकाँगमध्ये वाहू लागली. १९४९ नंतर चीनच्या मुख्य भूमीवर या कथांना स्थान उरले नाही. विस्थापितांनी भरलेल्या हाँगकाँगमध्ये मात्र १९५४-५५ पासून ल्यांग यू-शंग आणि जिन योंग यांच्या कादंबऱ्या वृत्तपत्रांतून क्रमशः येऊ लागल्या. हातातून गेलेला देश या वाचकांना ज्यांगहूच्या रूपाने परत मिळत होता. १९६० नंतरच्या दशकातील कँटनी चित्रपटांत, विशेषतः १९६४ च्या 'तथागताचा दिव्य तळवा' या मालिकेत, वीरांच्या तळव्यांतून निघणारे किरण थेट फिल्मवर हाताने काढलेले असत. कॅमेऱ्यासमोर दोन माणसे हात पुढे करून नुसती उभी आहेत, आणि त्यांच्या मध्ये दोन रेघा एकमेकींना ढकलीत आहेत, असे ते दृश्य. तंत्र म्हणून ते बालिश वाटेल. परंतु त्यातील कल्पना बालिश नाही. 'नेइगुंग' म्हणजे अंतःसाधना. श्वास आणि मन यांच्या दीर्घ अभ्यासाने शरीरातील 'ची' संचित होते, असे तीत मानले जाते. 'ची'चे आपल्याकडील प्राणकल्पनेशी साम्य असले तरी दोन्ही एक नव्हेत. या साधनेचे बळ बाहेरून दिसत नाही. तेव्हा ते दाखवायचे कसे? ती रेघ हे त्याचे उत्तर आहे. कोणाची रेघ मागे सरते, यावरून कोणाची वीस वर्षांची साधना कच्ची राहिली ते कळते. अतिशयोक्ती येथे मोजपट्टीचे काम करते.

'चिंगगुंग' या हलकेपणाच्या विद्येचेही, म्हणजे आपल्याकडच्या लघिमेचेही, असेच आहे. मात्र तिच्या बाबतीत आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे देह. किंग हू यांनी 'कम ड्रिंक विथ मी' (१९६६) आणि 'अ टच ऑफ झेन' (१९७०-७१) या चित्रपटांत संगीतनाट्याच्या तालमीत वाढलेल्या हान यिंग-च्ये यांना युद्धदृश्यांची जबाबदारी दिली. 'अ टच ऑफ झेन'मधील वेळूच्या बनातील युद्ध प्रसिद्ध आहे. नायिका सहकाऱ्याचा आधार घेऊन वेळूच्या शेंड्यांकडे झेपावते आणि तेथून तलवारीसह खाली सूर मारते. किंग हू यांनी उडी सलग दाखवलेली नाही. उड्डाणाचा प्रारंभ, पानांतून सरकलेली आकृती, खाली आलेले पाऊल, असे क्षणाचे तुकडे त्यांनी संकलनात जोडले. प्रेक्षकाची नजर त्या वेगाला पुरी पडत नाही, आणि न दिसलेला भाग तो आपल्या विस्मयाने भरून काढतो. पण जे तुकडे दिसतात ते खऱ्या देहाचे असतात: स्नायूंचा ताण, उतरताना वाकलेला गुडघा, उडालेली धूळ. याच चित्रपटाच्या अखेरीस एका भिक्षूच्या जखमेतून सोनेरी रक्त वाहते. तोवर हा प्रेक्षक असा तयार झालेला असतो की, त्या सोनेरी रंगाला तो हसत नाही. १९७५ साली कान येथे या चित्रपटाला तांत्रिक उत्कृष्टतेचे पारितोषिक देण्यात आले.

अद्भुताला देहाचे तारण लागते, ते असे. 'झू'मधील नट युन ब्याव आणि सामो हुंग हे हाँगकाँगमधील एकाच संगीतनाट्य-विद्यालयात लहानपणापासून कोलांट्या घेत वाढले. म्हणून चित्रपटातले सगळे जग खोटे असले, तरी त्यांचे पडणे खरे वाटते. प्रत्येक वेळी हे साधतेच असे नाही. 'मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन' (१९७६) या चित्रपटात एका भारतीय योग्याचे हात लढता लढता दुपटीने लांबतात. भारतीय प्रेक्षकाने त्यावर हसावे हे क्रमप्राप्तच आहे, कारण त्या हातांमागे कोणतीही साधना, कोणतेही ओझे दाखवलेले नाही. तेथे अद्भुत वीरापासून जन्मत नाही. आणि औचित्य सुटले की रसाचा आभास होऊन हास्य उपजते, हे अभिनवगुप्ताचे म्हणणे तेथे तंतोतंत लागू पडते.

सामर्थ्याची किंमत हा या कथांचा दुसरा कणा होय, आणि तो जिन योंग यांच्याइतका दुसऱ्या कोणी क्वचितच बळकट केला असेल. १९६७ ते १९६९ या काळात, मुख्य भूमीवर सांस्कृतिक क्रांतीचा गदारोळ माजला असता, त्यांची एक कादंबरी क्रमशः येत होती. तिच्यातील दोंगफांग बुबाय हा पंथप्रमुख एका ग्रंथातील अजिंक्य विद्या मिळवतो. परंतु त्या विद्येची पहिली अट स्वतःचे पुरुषत्व छाटून टाकण्याची असते. चिंग स्यू-तुंग यांच्या 'स्वोर्ड्समन टू' (१९९२) या चित्रपटात ही भूमिका ब्रिजिट लिन या अभिनेत्रीला देण्यात आली. भरतकामाची सुई आणि दोरा एवढ्यावर ही व्यक्ती तलवारबाजांच्या टोळ्या उधळून लावते. सुईने तलवार अडते, हे पदार्थविज्ञानाला मान्य होण्यासारखे नाही. तथापि ज्याने सत्तेसाठी स्वतःलाच कापून टाकले, त्याच्या हाती तलवारीपेक्षा सुई अधिक भयंकर वाटते. आणि प्रेमाच्या क्षणी तो डळमळतो तेव्हा त्या सुईचे भयही करुण होते. जिन योंग यांनी या कादंबरीतील पात्रे राजकारणातील मनुष्यप्रकार म्हणून योजल्याचे स्वतः सांगितले आहे. तैवानमध्येही त्यांच्या कादंबऱ्यांवर दीर्घकाळ बंदी होती. कल्पित पंथांच्या कथांची सरकारांना इतकी धास्ती वाटावी, यातच त्या निव्वळ पलायनाच्या कथा नसल्याचा पुरावा आहे.

आंग ली यांच्या 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' (२०००) या चित्रपटाने ही परंपरा जगभर पोहोचवली. त्याला चार ऑस्कर पारितोषिके मिळाली. त्यातील वेळूच्या शेंड्यांवरील द्वंद्वासाठी युएन वू-पिंग यांनी नटांना यारीवरून खरोखरच तारांनी लटकवले होते. संगणकाचे काम त्या तारा पुसण्याचे होते. चित्रपटाचा गाभा एका विरोधात आहे. छपरांवरून आणि पाण्यावरून सहज धावणारे ली मू-बाय आणि यू श्यू-ल्येन परस्परांवरील प्रेम बोलून दाखवू शकत नाहीत, कारण तिचा दिवंगत वाग्दत्त वर हा त्याचा बंधुवत मित्र होता. गुरुत्वाकर्षण ज्यांना बांधत नाही त्यांना एक वचन बांधते. देहाचा हलकेपणा जितका अतिरेकी, तितके कर्तव्याचे वजन अधिक जाणवते. नायक-नायिका जमिनीवरून चालणारी असती तर ही कथा सामान्य विरहकथाच राहिली असती.

झांग यिमोउ यांचा 'हीरो' (२००२) या दृष्टीने अस्वस्थ करणारा चित्रपट आहे. छिन राजाचा वध करण्यासाठी आलेला वीर 'सर्व भूतला'च्या ऐक्यासाठी आपले शस्त्र आवरतो. हान फेइच्या लेखनावर लुब्ध झालेला राजा तो हाच! पावसात, अंध वादकाच्या सुरांवर, दोन योद्धे डोळे मिटून मनातल्या मनात लढतात, ते दृश्य या परंपरेतील श्रेष्ठ दृश्यांपैकी आहे. पण ज्या वीराला राज्याचा किडा म्हटले गेले, त्याने अखेर राज्यासाठी स्वखुशीने बाणांखाली उभे राहावे, या निष्कर्षाबद्दल समीक्षकांत तीव्र मतभेद झाले, ते उगाच नव्हे. सिमा च्यानने वर्णिलेले वीर त्या दरबारात इतके शांत राहिले असते काय, ही शंका उरतेच.

या प्रकाराला खरा धोका राज्यसत्तेपेक्षा सुलभतेकडून आला. 'द स्टॉर्म रायडर्स' (१९९८) पासून संगणकनिर्मित चमत्कारांचे प्रमाण वाढले. २००१ साली त्सुइ हार्क यांनीच 'झू'ची कथा नव्या साधनांनी पुन्हा हाताळली. तिच्यात पर्वत तरंगतात, प्रकाशाचे लोट उसळतात, आणि प्रेक्षक थंड राहतो. १९८३ मधील तारा कित्येक ठिकाणी दिसतात, तरीही तो चित्रपट जिवंत आहे. नव्या चित्रांत पडण्याजोगे कोणी नसल्याने उडण्यालाही अर्थ राहिला नाही. वीरावाचून केलेले अद्भुत कितीही भव्य असले तरी त्याचा ठाव लागत नाही.

हास्य आणि विस्मय यांचे या परंपरेतील नाते ज्याला पूर्ण कळले होते असा चित्रपट म्हणजे स्टीफन चाव यांचा 'कुंग फू हसल' (२००४). त्यात रस्त्यावरचा एक भिकारी एका लहान मुलाला 'तथागताच्या दिव्य तळव्या'ची पुस्तिका विकतो. मुलगा साठवलेले सारे पैसे देऊन ती घेतो, मनापासून अभ्यास करतो, एका मुक्या मुलीला दांडग्या पोरांच्या तावडीतून सोडवायला जातो, आणि बेदम मार खातो. पुस्तिका बनावट होती असे मानून तो पुढे गुंड होतो. माओ दुन यांना भेटलेले प्रेक्षक आणि वृत्तपत्रांतील ती घर सोडून गेलेली मुले, यांचीच ही कथा आहे. आणि मग अखेरच्या युद्धात तोच मनुष्य ढगांपर्यंत उसळतो, तेथून आपला तळवा खाली रोखतो, आणि जमिनीवर त्या हाताचा प्रचंड ठसा उमटतो. हे दृश्य जुन्या कँटनी चित्रपटांची उघड थट्टा आहे. तरीही त्या मार खाल्लेल्या मुलाच्या आठवणीने प्रेक्षकाचा कंठ दाटतो. चित्रपट संपता संपता तो भिकारी पुन्हा रस्त्यावर दिसतो. समोर दुसरा एक मुलगा उभा असतो, आणि भिकारी त्याच्यापुढे पुस्तिकांचा एक जुडगाच धरतो.